बाहुलीचा रंग
अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. चांगली कोणती? बहुतेकांनी गोरी निवडली. तुझ्यासारखी कोणती, असे विचारताच काहींना रडू कोसळले. हा न्यूनगंड उपजत नव्हे. वर्णवर्चस्ववादी समाजाने तो बाळकडूसारखा पाजला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला आहे. पण दार उघडले तरी ‘नीटनेटके केस’ म्हणजे सरळ केस, ही मोजपट्टी गोऱ्यांचीच राहिली. वेण्यांपायी, जटांपायी मुले वर्गाबाहेर काढली गेली. (बाहुली निदान खाली ठेवता येते.) कॅलिफोर्नियाने याविरुद्ध कायदा केला तो २०१९ साली.