फलकांचा झगमगाट आणि वीजबिल

केंद्र सरकारची स्मार्ट शहर योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२५ अखेर तिची मुदत संपली. पहिल्या वीस शहरांत पुणे व सोलापूर होती. योजना संपली, तरी तिने उभ्या केलेल्या साधनांचे वीजबिल नगरपालिकांना भरावेच लागणार आहे. रस्त्यांवरील विद्युत्फलक हे त्याचे साधे उदाहरण होय. शंभर वॅटचा एक फलक अहोरात्र चालला, तर वर्षाला ८७६ युनिट वीज खातो. भर दुपारी तर त्याला प्रत्यक्ष सूर्याशी स्पर्धा करावी लागते.

इलेक्ट्रॉनिक कागदाचा फलक ही स्पर्धाच टाळतो. त्यातील सूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे विद्युत्भारित कण असतात. विद्युत्क्षेत्र बदलले की त्यांतील एका रंगाचे कण पृष्ठभागी येतात. एकदा अक्षर उमटले की ते टिकविण्यास वीज लागत नाही, बदलण्यापुरतीच लागते. छापील कागदाप्रमाणे तो बाहेरच्या उजेडात वाचता येतो, ऊन जितके कडक तितका अधिक स्पष्ट. सिडनीत २०१५ मध्ये असे वाहतूक-फलक सौरशक्तीवर चालविण्यात आले.

तथापि, हा फलक सर्वगुणसंपन्न आहे, असे मुळीच नव्हे. रात्री त्याला वेगळा दिवा लागतो. चित्र सावकाश बदलते. शिवाय वीज वा संदेशवहन खंडित झाले, तर शेवटचा मजकूर तसाच राहतो. बंद पडलेला विद्युत्फलक निदान काळा होतो. हा मात्र तासापूर्वी गेलेल्या बसची वेळ निर्विकारपणे दाखवीत राहील. म्हणून मजकूर केव्हा बदलला, ती वेळ फलकावरच छापणे अपरिहार्य ठरते.

खरी अडचण तंत्राची नसून हिशेबाची आहे. खरेदीचा पैसा एका खात्यातून येतो, वीजबिल दुसऱ्या खात्यातून जाते. निविदा उघडताना पहिल्या दिवसाची किंमत तेवढी पाहिली जाते, पुढील दहा वर्षांचा खर्च कोणी मांडीत नाही. त्यात झगमगत्या फलकावर जाहिरात मिळते, थांब्यावरच्या साध्या वेळापत्रकाला कोण जाहिरात देणार? किंबहुना, जेथे माहितीपेक्षा जाहिरातीचे उत्पन्न मोठे, तेथे प्रवाशाची गरज मागे पडणे क्रमप्राप्तच आहे. निविदेच्या अटींत आयुष्यभराच्या खर्चाचा रकाना घालणे ही मात्र नगरपालिकांच्या हातातील गोष्ट आहे, त्यासाठी त्यांना दिल्लीच्या नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.