खेळाडूला पैसा, मंडळाला काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ लीग सुरू झाली आणि खो-खोपटूंना कष्टाचा मोबदला मिळू लागला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरसारख्या गावांत मैदानावर पाणी मारून, चुन्याच्या रेघा आखून पोरं घडवणाऱ्या मंडळांचं काय?

असाच प्रश्न अमेरिकेतही आहे. तिथे जुलै २०२५ पासून महाविद्यालयं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयाला २.०५ कोटी डॉलर. लहान महाविद्यालयांना ते परवडत नाही, म्हणून त्यांनी घडवलेले बास्केटबॉलपटू मोठ्यांकडे जातात.

फुटबॉलमध्ये यावर तोडगा आहे. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. असा वाटा आपल्या मंडळांनाही मिळायलाच हवा.