दोन तासांचं गणित

दिवाळीच्या सुट्टीत भालकीला मामांकडे गेलो होतो. मामा पहाटे उठले की चूळ भरायच्या आधी बिडी पेटवतात. मी सायन्सचा, म्हणून त्या घरात माझं नाव 'डाक्टर'. मामा म्हणाले, "डाक्टर, रात्रभर बिडीची आठवण न्हाई, मग डोळे उघडले की जीव का कासावीस होतो रं?"

सुट्टी संपवून हॉस्टेलवर आलो, तर रूममधल्या मित्राच्या हातात पेनासारखी ई-सिगारेट. तो म्हणाला, "ही नुसती वाफ आहे, अंगात काही राहत नाही." दोघांना द्यायचं उत्तर एकच होतं. ते शोधताना जे समजलं, ते इथे मांडतो.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. कलबुर्गीच्या शेजारच्या विजापुरात १६०४ च्या सुमारास असद बेग या मोगल वकिलाने ती पाहिली आणि अकबर बादशहाकडे नेली. म्हणजे या पाहुणीची आपल्या भागाशी ओळख चारशे वर्षांची आहे.

बिडी-सिगारेटचा धूर फुप्फुसात गेला की निकोटीन रक्तात उतरतं आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे ते डोपामिन सोडायला लावतं, म्हणून बरं वाटतं. एका सिगारेटमधल्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असतं. त्यातलं अंगात जातं एक-दीड मिलिग्रॅमच. पण मेंदूला तेवढं पुरतं.

आमची आजी तंबाखूला चुना लावून मळते. तिला कुणी रसायनशास्त्र शिकवलं नाही, पण चुन्याच्या क्षारामुळेच निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात शिरतं. तेच गिळलं, तर आतड्यातून आधी यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच मोडतं.

यकृत हे आपल्या शरीराचं सफाई खातं. तिथे सीवायपी-२ए६ नावाचं एन्झाइम आहे. ७० ते ८० टक्के निकोटिनचं ते कोटिनीन करतं, आणि पुढे मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. आता मामांचं गणित मांडू. शेवटची बिडी रात्री अकराला. एकला निम्मं, तीनला पाव, पाचला एक अष्टमांश. मेंदूला तर सवय भरलेल्या मापाची! झोपेत कळत नाही, पण जाग आली की तो मागणी करतो. ही मामांच्या स्वभावातली खोट नाही, यकृताने आपलं काम चोख केलंय, एवढंच.

हे एन्झाइम सगळ्यांचं सारखं चालत नाही. ज्यांचं वेगाने चालतं त्यांना लवकर तलफ येते, त्यांच्या बिड्या जास्त होतात आणि सोडणंही जड जातं. बायकांमध्ये हे काम सरासरीने जास्त वेगाने होतं, गरोदरपणात तर आणखीच. म्हणून "मी सोडली, तुला का जमत नाही?" असं कुणाला टोचून बोलू नये.

आता मित्राची वाफ. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फार कमी, हे खरं. पण द्रवात निकोटीन असेल तर रक्तात गेल्यावर यकृत त्याला ओळखतं ते निकोटीन म्हणूनच. तेच एन्झाइम, तेच दोन तास. कोटिनीनला तर निम्मं व्हायला सोळा-सतरा तास लागतात, त्यामुळे पुढचे काही दिवस ते लघवीत सापडतं. मग "काही राहत नाही" कसं? नव्या यंत्रांत निकोटीन क्षाररूपात असतं. घशाला खवखव होत नाही, म्हणून दम मोठा ओढला जातो. सिगारेट निदान जळून संपते. याला शेवटच नाही, मग मोजणार कसं?

कर्नाटकात ई-सिगारेटवर २०१६ पासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये देशभर कायदा झाला. जे चोरून विकलं जातं त्याच्या लेबलवरच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. आपण सगळे त्याच वयात आहोत.

मामांना फोनवर हे गणित सांगितलं. म्हटलं, "मामा, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन-चार आठवड्यांत तलफ उतरते. आणि चहा निम्मा करा." चहाचं कारण असं की, बिडीच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडतं. बिडी बंद झाली की तेवढाच चहा अंगात दुप्पट काम करतो. झोप उडते, धडधडतं, आणि माणसाला वाटतं बिडीच बरी होती. १८००११२३५६ हा सरकारी मोफत नंबरही दिला, तिथे सोडायला मदत मिळते.

संक्रांतीला मामांचा फोन आला. "डाक्टर, आज एकविसावा दिस. तिळगूळ घ्यायला ये."

मित्राने अजून सोडलेली नाही. पण परवा त्याने आपणहून विचारलं, "त्या दोन तासांचं काय म्हणत होतास रे?" मी वही काढली.