टीआयएमएम८ए

टीआयएमएम८ए हे मानवातील एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर असलेले जनुक असून ते टिम८ए या प्रथिनाची रचना ठरवते. अवघ्या ९७ अमिनो आम्लांचे हे प्रथिन तंतुकणिकेत इतर प्रथिने पोहोचवण्यास साहाय्य करते. या जनुकातील दोषामुळे बहिरेपणा-डिस्टोनिया संलक्षण हा आनुवंशिक आजार होतो.

कार्य

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. मात्र तिच्या स्वतःच्या डीएनएमध्ये त्यांपैकी केवळ १३ प्रथिनांची माहिती असते. उरलेली प्रथिने पेशीद्रव्यात तयार होऊन आत येतात. त्यांपैकी आंतरपटलात बसणाऱ्या अनेक प्रथिनांचे काही भाग पाण्यापासून दूर राहणारे असतात. त्यामुळे दोन पटलांमधील जलीय अवकाशात ती एकमेकांना चिकटून निकामी होण्याचा धोका असतो. टिम८ए आणि टिम१३ यांचे प्रत्येकी तीन रेणू मिळून झालेले षट्क अशा प्रथिनांना धरून तो अवकाश पार करून देते. टिम२३ हे अशा प्रथिनांपैकी एक होय. ते स्वतःच आंतरपटलातील प्रवेशद्वाराचा भाग असल्याने त्याची वाहतूक अडल्यास पुढील प्रथिनांच्या प्रवेशावरही परिणाम होऊ शकतो.

इतिहास

१९६० मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबातील पुरुषांमध्ये आढळणाऱ्या बहिरेपणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेव्हा तो केवळ कानांचा विकार मानला गेला. १९९५ मध्ये लिस्बेथ ट्रानेब्येर्ग व सहकाऱ्यांनी त्याच कुटुंबाची फेरतपासणी केली असता हा आजार वयानुसार वाढत जाऊन हालचाली, दृष्टी व बुद्धी यांवरही परिणाम करतो, असे दिसून आले. १९९६ मध्ये संबंधित जनुक ओळखले गेले, तर १९९९ मध्ये त्याचा तंतुकणिकेशी असलेला संबंध स्पष्ट झाला.

आजार

मुलग्यांमध्ये एक्स गुणसूत्र एकच असल्याने आजार प्रामुख्याने त्यांच्यात प्रकट होतो. वाहक स्त्रियांमध्ये क्वचित सौम्य लक्षणे दिसतात. बालपणी श्रवणशक्ती कमी होते. पुढे स्नायू अनैच्छिकपणे आखडतात (डिस्टोनिया) आणि तारुण्यात दृष्टी मंदावू लागते. दोष श्रवणचेतेत असल्याने कानातील कॉक्लिया प्रत्यारोपणाचा लाभ मर्यादित राहू शकतो. दृष्टी गेल्यावर सांकेतिक भाषाही वापरता येत नाही. म्हणून स्पर्शाद्वारे संवाद साधण्याचे शिक्षण वेळीच देणे महत्त्वाचे ठरते. आजार मुळापासून बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. निदान झालेल्या कुटुंबांना आनुवंशिक समुपदेशन दिले जाते.