ट्रेमे कुणासाठी राखायचे?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात ट्रेमे ही कृष्णवर्णीयांची फार जुनी वस्ती आहे. १८९२ साली गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसून भेदाच्या कायद्याला आव्हान देणारा होमर प्लेसी इथलाच. इथल्या क्लेबोर्न रस्त्यावर ओकच्या रांगा होत्या, कृष्णवर्णीयांची दुकाने होती. मार्डी ग्राच्या सणाला सारी वस्ती त्या सावलीत जमे. १९६६ मध्ये ती झाडे तोडली आणि वस्तीच्या डोक्यावर महामार्गाचा पूल आणला. आज पुलाच्या खांबांवर ओकची चित्रे आहेत. केवढी ही भरपाई!

पूल पाडा, ही मागणी जुनी आहे. पाडावाच. पण मग जागेचे भाव चढतील. २००५ च्या कत्रिना वादळानंतर भाडी वाढून जुने रहिवासी बाहेर फेकले गेलेच. तेव्हा आधी भाडेकरूंच्या घरांची लेखी हमी घ्यावी, मग पुलाला हात लावावा.