खिशातला ईसीजी: रुग्ण घरी, डॉक्टर दूर

भाईंदर पूर्वेत सकाळची लोकल गाठून कर्ती माणसे मुंबईला जातात. घरी उरतात अब्बा, दादी, नानी. कुणाला बीपी, कुणाला साखर, कुणाचे हृदय कमजोर. छातीत दुखले की 'गॅस असेल' म्हणून सोडा प्यायचा आणि मुलगा येईपर्यंत थांबायचे, असे अनेक घरांत घडते. हृदयविकाराच्या झटक्यात हाच वेळ घातक ठरतो. रक्तपुरवठा जितका काळ बंद राहील, तितका हृदयाचा स्नायू मरत जातो.

मग तपासणीच रुग्णापर्यंत नेता आली तर? मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र तयार केले आहे. ते ब्लूटूथने मोबाईलला जोडले जाते, १२ लीडचा पूर्ण ईसीजी काढते आणि तो आलेख फोनवरून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी रेडिओवरून ईसीजी पाठवणारे यंत्र बनवले, तेव्हा ते पाठीवर वाहावे लागे. वजन सुमारे ३८ किलो!

असे यंत्र बनवणे सोपे नाही. त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युतसंकेत साधारण एक हजारांश व्होल्ट इतका क्षीण असतो. त्यात घरातल्या वायरिंगच्या ५० हर्ट्झ विजेचा गोंधळ मिसळतो. रुग्ण हलला तरी रेघ बिघडते. हे सगळे गाळून खरा संकेत ठेवायचा, तोही छोट्या बॅटरीवर.

कोरोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचेही तसेच. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. बोट थंड असेल, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी लावलेली असेल तर आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्र हा फक्त निरोप्या आहे. निरोप वाचणारा कुणी नसेल तर तो व्यर्थ. म्हणून घरी असे उपकरण आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा: आकडे कुणाला पाठवायचे? किती आकड्यावर फोन करायचा? रात्री कोण पाहणार? उत्तरे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, शेजारच्या खालांनाही दाखवून ठेवा.

रुग्णाचा अहवाल ही अमानत आहे. तो खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका.

आणि छातीत दाब, घाम, धाप असेल तर यंत्र शोधत बसू नका. पहिला ईसीजी सरळ आला तरी धोका टळला असे नसते. १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.