सौर इन्व्हर्टरची शिट्टी

गावातील कित्येक घरांवर आता सौर पॅनेल दिसतात. इन्व्हर्टर रात्री शिट्टी वाजवू लागला की घरची मंडळी आधी तो बंद करतात व मग गुरुजींना बोलावणे धाडतात. वस्तुतः शिट्टी केव्हा वाजली, हेच प्रथम पाहावयास हवे.

मिक्सर अथवा इस्त्री सुरू करताच ती वाजल्यास भार अधिक झाला असे समजावे. उपकरण बंद केले की बहुधा ती थांबते. रात्री उशिरा थांबून थांबून वाजल्यास बॅटरी उतरली आहे. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरून विसावली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १०.५ च्या आसपास आल्यावर बहुतेक इन्व्हर्टर पुरवठा तोडतात. अशा वेळी मुलांच्या अभ्यासाचे निमित्त सांगून तो पुन्हापुन्हा चालू करणे महागात पडते. उतरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो व ती अकाली निकामी होते.

ऊन असूनही बॅटरी भरत नसेल तर पॅनेलवरील धूळ व झाडाची सावली पाहावी. बुचे उघडणाऱ्या बॅटरीत पाणी कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नव्हे.

इन्व्हर्टरची पेटी मात्र उघडू नये. कळ बंद केली तरी उन्हातील पॅनेलच्या तारांत वीज असतेच. जळका वास आल्यास कशासही हात न लावता तंत्रज्ञास बोलवावे व शिट्टीच्या टिपून ठेवलेल्या वेळा त्यास दाखवाव्यात.